केस स्पर्धेतले प्रश्न काढून टाकू नका : संयोजन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, संयोजन समिती,
तसेच परीक्षक मंडळ,
आंतरमहाविद्यालयीन ऑपरेशन्स मॅनेजमेंट केस स्टडी स्पर्धा

विषय : लेखी अहवाल, गणिताची शीट आणि प्रश्नोत्तरे वगळण्याच्या निर्णयाबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

यंदाचा निकाल लागल्यानंतर आठवडाभरात आपण सर्व सहभागी महाविद्यालयांना एक परिपत्रक पाठवले. पुढील वर्षापासून संघांनी लेखी अहवाल आणि त्यासोबतची गणिताची शीट द्यायची नाही, अंतिम फेरीत १५ मिनिटांऐवजी ७ मिनिटांत जास्तीत जास्त ८ स्लाइड मांडायच्या आणि सादरीकरणानंतर परीक्षकांनी प्रश्न विचारायचे नाहीत, असे तीन बदल त्यात आहेत. संघांची संख्या वाढली आहे, परीक्षकांचा वेळ मर्यादित आहे आणि उद्योगात थोडक्यात व प्रभावीपणे मांडता येणे हेच खरे कौशल्य असते, अशी कारणेही आपण दिली आहेत. पहिली दोन कारणे मला समजतात. तिसरे कारण मला मान्य नाही, आणि ते मान्य नसल्याचे आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांकडे बोलून गप्प बसणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे.

मी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. गेल्या वर्षी आणि यंदा, अशी दोन वर्षे मी या स्पर्धेत चार जणांच्या संघाची प्रमुख होते. गेल्या वर्षी आम्ही प्राथमिक फेरीतच बाद झालो. यंदा अंतिम फेरीत पोहोचलो आणि तिथे आम्हाला क्रमांक मिळाला नाही. तो न मिळाल्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही, आणि तो का मिळाला नाही हे मी याच पत्रात पुढे सांगणार आहे. पुढच्या वर्षी मी महाविद्यालयात नसेन, त्यामुळे नियम बदलले किंवा तसेच राहिले तरी माझा स्वतःचा नफा-तोटा काही नाही. पण आमच्या महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या सहा मुलामुलींना मी दर शनिवारी केस, म्हणजे एखाद्या संस्थेच्या अडचणीचे आकड्यांसह लिहिलेले वर्णन, कशी वाचायची, आकडे कुठून उचलायचे, गृहीतके कशी लिहून काढायची हे शिकवते. परिपत्रक आल्यानंतरच्या शनिवारी त्यांच्यातल्या एकीने मला विचारले, की आता शीट द्यायचीच नसेल तर ती करायची कशाला. तिच्या प्रश्नात आळस नव्हता. नियम वाचून कोणताही विचारी विद्यार्थी जो निष्कर्ष काढील तोच तिने काढला होता.

या स्पर्धेने मला काय दिले ते आधी सांगते, कारण त्याशिवाय माझा आक्षेप समजणार नाही. गेल्या वर्षी प्राथमिक फेरीत बाद झालेल्या संघांनाही त्यांचे अहवाल परत मिळाले होते. आमच्या अहवालाच्या नवव्या पानावर, एका तक्त्याच्या बाजूला, कुणा परीक्षकाने पेन्सिलीने लिहिले होते : "हे सरासरी दिवसाचे गणित आहे. असा दिवस रोज येतो का?" आम्ही एका सेवा केंद्रासाठी किती खिडक्या हव्यात हे काढले होते. तासाला सरासरी किती माणसे येतात आणि एका माणसाला सरासरी किती वेळ लागतो, हे दोन आकडे घेऊन आम्ही भागाकार केला होता आणि उत्तर अगदी काटेकोर बसले म्हणून खूश झालो होतो. माणसे घड्याळाच्या ठोक्याला एकेक करून येत नाहीत, कधी दहा एकदम येतात आणि कधी पाऊण तास कोणीच येत नाही, आणि रांग ही याच चढउतारातून तयार होते, हे वर्गात आम्ही शिकलो होतो. पण ते आमच्या गणितात नव्हते. त्या पेन्सिलीच्या ओळीनंतर मी रांगेच्या सिद्धांताचे प्रकरण पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. एरलांग यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना नेमका हाच प्रश्न हाताळला होता : फोन अनियमितपणे येतात, मग किती जोडण्या ठेवल्या म्हणजे लोकांना फार थांबावे लागणार नाही. शंभराहून अधिक वर्षे जुना हा विचार मला परीक्षेच्या पुस्तकाने शिकवला नाही, तो आपल्या एका परीक्षकाने वेळ काढून आमचा फसलेला अहवाल वाचला म्हणून कळला. त्यांचे नाव मला आजही माहीत नाही.

यंदा एकाही संघाला अहवाल परत मिळाला नाही. पुढच्या वर्षी तर अहवालच नसेल. ही माझी पहिली तक्रार आहे आणि सर्वांत मोठीही.

दुसरी तक्रार प्रश्नोत्तरांची. यंदाच्या अंतिम फेरीत आमच्या संघाचे काय झाले ते मी तपशिलाने सांगते. केस एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची होती. कटिंग, मशीनिंग, हीट ट्रीटमेंट आणि तपासणी असे चार टप्पे, आणि त्यांची ताशी क्षमता अनुक्रमे १४, १२, १० आणि १३ नग. सध्या तासाला ८ नगांची मागणी येते, व्यवस्थापनाला ती ९.५ पर्यंत न्यायची आहे, आणि ऑर्डरी आत्ताच उशिरा जात आहेत. आम्ही सगळ्यांत कमी क्षमतेचा टप्पा शोधला, तो हीट ट्रीटमेंटचा निघाला. तिथे जादा पाळी चालवून क्षमता १० वरून १२ वर न्यावी अशी शिफारस आम्ही केली, त्याचा खर्च काढला, परतफेडीचा काळ काढला आणि एक सुंदर आलेख केला. सादरीकरण चांगले झाले. माझ्या सहकाऱ्याने शेवटची स्लाइड संपवली तेव्हा समोरून माना हललेल्या आम्ही पाहिल्या.

मग परीक्षक मंडळातल्या एका बाईंनी आमच्या अहवालाची प्रत उचलली. अकरावे पान त्यांनी आधीच दुमडून ठेवले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "मशीनिंगचे यंत्र दुरुस्तीसाठी किती वेळ बंद असते, ते तुम्हीच परिशिष्टात लिहिले आहे. ते तुमच्या १२ मध्ये धरले आहे का?" आम्ही ते धरले नव्हते. केसमध्ये मशीनिंगचे यंत्र एकूण वेळेच्या पाचव्या भागाइतका वेळ बंद असल्याची नोंद होती, आम्ही ती इमानदारीने परिशिष्टात उतरवून घेतली होती आणि मुख्य गणितात आणायला विसरलो होतो. माझ्या सहकाऱ्याने तिथेच शीट उघडली, एका चौकटीत ०.८ टाकले आणि मशीनिंगची खरी क्षमता १२ ऐवजी ९.६ झाली. म्हणजे सर्वांत अरुंद जागा हीट ट्रीटमेंटची नव्हतीच, ती मशीनिंगची होती. आमच्या शिफारशीप्रमाणे कारखान्याने हीट ट्रीटमेंटला रात्रपाळी सुरू केली असती, तिचा पगार भरला असता, आणि माल मशीनिंगच्या दारात पूर्वीसारखाच साचून राहिला असता. गोल्डरॅट यांचा मर्यादांचा सिद्धांत आम्ही वर्गात शिकलो होतो : अरुंद जागी गेलेला एक तास हा साऱ्या कारखान्याचा गेलेला तास असतो आणि इतरत्र वाचवलेल्या तासाने काही हाती लागत नाही. हे पाठ असूनही आम्ही जागाच चुकीची धरली होती. आम्ही तसे तिथेच मान्य केले. आमचा क्रमांक त्या क्षणी गेला, आणि तो जायलाच हवा होता.

आता हीच फेरी नव्या नियमांनी झाली असती तर काय झाले असते, याचा आपण विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ७ मिनिटांत आमच्या ८ स्लाइड झाल्या असत्या. आलेख तितकाच सुंदर दिसला असता. अकरावे पान अस्तित्वातच नसते, ते दुमडणारे कोणी नसते आणि प्रश्न विचारायची परवानगीही नसती. कदाचित आम्ही जिंकलो असतो, आणि आमची शिफारस बरोबर होती असे मानून पदवी घेऊन एखाद्या कारखान्यात नोकरीला लागलो असतो. तिथे चुकलेल्या रात्रपाळीचा खर्च खरा असतो आणि त्या पाळीत जागणारी माणसेही खरी असतात.

केस पद्धतीच्या मुळाशीच प्रश्न आहेत, हे परीक्षक मंडळाला मी सांगण्याची गरज नाही, तरी वाचकांसाठी लिहिते. १८७० च्या सुमारास हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात लँगडेल यांनी व्याख्यान देण्याऐवजी प्रत्यक्ष खटले विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९०८ साली सुरू झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने पुढे तीच रीत व्यवस्थापनाच्या शिक्षणात आणली. त्या रीतीत केस वाचून निष्कर्ष मांडणे हा अर्धाच भाग असतो, समोरच्याने त्या निष्कर्षाला धक्का देऊन तो टिकतो का हे पाहणे हा उरलेला अर्धा. उत्पादनाच्या क्षेत्रात ताईची ओहनो यांनी टोयोटात रुजवलेली "का" हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची सवय तर आम्ही पहिल्याच सत्रात शिकतो. ज्या विषयाची ही परंपरा आहे त्याच्या स्पर्धेत एकदाही "का" विचारायचे नाही, असा नियम आपण करत आहात.

तिसरी गोष्ट आकड्यांच्या आकर्षणाची आहे. अंतिम फेरीतल्या किमान तीन संघांच्या स्लाइडवर सर्व यंत्रांचा क्षमतावापर ९५ टक्क्यांवर नेण्याचे आश्वासन होते. त्या संघांना मी दोष देत नाही, गेल्या वर्षी मीही तसेच लिहिले असते. ९५ हा आकडा मोठ्या अक्षरांत फार चांगला दिसतो. पण याच केसमधला ताशी १० नगांचा टप्पा घ्या, काम अनियमितपणे येते आणि प्रत्येक नगाला लागणारा वेळही कमीजास्त होतो असे धरा, आणि रांगेचे सर्वांत साधे सूत्र लावा. तासाला ८ नग आले तर एक नग त्या टप्प्यावर सरासरी अर्धा तास घालवतो. ९ आले तर एक तास. ९.५ आले तर दोन तास. ८ वरून ९.५ म्हणजे कामात वीस टक्क्यांहूनही कमी वाढ, आणि त्या टप्प्यावर जाणारा वेळ मात्र चौपट. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे साचलेला माल म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ, त्यामुळे ८ च्या वेगाला सरासरी ४ नग त्या टप्प्यावर असतात, ते ९.५ ला १९ होतात. ज्या कारखान्याच्या ऑर्डरी आधीच उशिरा जात आहेत त्याला ९५ टक्के वापराचा सल्ला देणे म्हणजे दुखणे वाढवणे आहे. हे समजायला एक ओळीचे गणित पुरते, पण ती ओळ स्लाइडवर कोणी लिहीत नाही, ती शीटमध्ये असते. शीट मागितली नाही तर हा सल्ला आणि त्याच्या उलट, विचारपूर्वक दिलेला सल्ला, हे दोन्ही परीक्षकांना सारखेच दिसतील, आणि त्यातला ज्याचा रंग अधिक ठळक तो पुढे जाईल.

चौथी तक्रार यंदाच्या केसमधल्या एका चुकीची आणि ती ज्या रीतीने हाताळली गेली त्याची आहे. केसच्या चौथ्या पानावर कच्च्या मालाचा लीड टाइम, म्हणजे माल मागवल्यापासून हाती येईपर्यंतचा काळ, ६ आठवडे दिला होता आणि परिशिष्टात ६ दिवस. छापताना अशी चूक होऊ शकते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. केस शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता मिळाली आणि उत्तर रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत द्यायचे होते. आम्ही शुक्रवारी रात्री ९ वाजता समितीला ईमेल केली. उत्तर शनिवारी दुपारी ४ वाजता आले : "परिशिष्टातील आकडा ग्राह्य धरावा." म्हणजे ४८ तासांतले १९ तास आम्ही दोन वेगवेगळ्या शीट बनवण्यात घालवले. पण खरी गंभीर गोष्ट वेगळीच आहे. हे उत्तर फक्त आम्हाला आले होते. अंतिम फेरीच्या दिवशी बाहेर थांबलो असताना इतर संघांशी बोलणे झाले तेव्हा कळले, की त्यांच्यातल्या दोन संघांनी ६ आठवडे धरून सगळे गणित केले होते.

हा फरक किती मोठा आहे ते पाहा. मागणीचा रोजचा चढउतार तोच असेल आणि लीड टाइम ६ दिवसांऐवजी ४२ दिवसांचा असेल, तर त्या काळात लागणारा माल सातपट होतो आणि सेफ्टी स्टॉक, म्हणजे मागणी अचानक वाढली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला जादा साठा, सातच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे २.६ पट होतो. त्या दोन संघांनी गोदाम वाढवण्याची शिफारस केली होती आणि परीक्षकांनी त्यांना साठा अवाजवी असल्याचे सुनावले. त्यांचे गणित बरोबर होते, त्यांना दिलेला आकडा चुकीचा होता. स्पर्धेच्या काळात संघांनी एकमेकांशी केसबद्दल बोलायचे नाही असा नियम असल्यामुळे आम्ही समितीचे उत्तर त्यांना कळवले नाही. तो नियम आम्ही पाळला, पण त्या दोन संघांच्या चेहऱ्यांकडे पाहताना तो पाळल्याचे समाधान वाटले नाही. आमच्या विषयात एक प्रसिद्ध खेळ आहे. एमआयटीत १९६० च्या सुमारास तयार झालेल्या त्या खेळात किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशी साखळी असते, ग्राहकाची मागणी फक्त एकदाच ४ वरून ८ वर जाते, आणि ती बातमी पुढच्याला थेट कळत नसल्यामुळे साखळीच्या टोकापर्यंत साठ्याचा नुसता गोंधळ उडतो. माहिती एकाकडे अडकली की काय होते ते शिकवण्यासाठी हा खेळ जगभर खेळवला जातो. एका संघाने विचारलेल्या शंकेचे उत्तर त्याच घटकेला सर्वांना पाठवणे हे या स्पर्धेचे संयोजन करणाऱ्यांना अवघड नसावे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात नोंदवते. निकालात फक्त क्रमांक जाहीर झाले. विश्लेषण, व्यवहार्यता, सादरीकरण अशा कोणत्या निकषाला किती गुण होते आणि कोणत्या संघाला किती मिळाले, हे मागूनही कळले नाही. आणि प्रवेशिकेसोबत भरून घेतलेल्या संमतिपत्रात सर्व उत्तरांचे हक्क प्रायोजकाकडे जातील असे कलम होते, पण ती उत्तरे वापरली गेली तर संघाला कळवले जाईल किंवा श्रेय दिले जाईल याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. विद्यार्थ्यांनी दोन रात्री जागून केलेले काम कुठे गेले हे निदान त्यांना कळावे, एवढी अपेक्षा रास्त आहे असे मला वाटते.

आता वेळेच्या अडचणीबद्दल, कारण ती खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून मागण्या करणे मला योग्य वाटत नाही. यंदा ६४ संघ होते. परीक्षक ८ होते. प्रत्येक अहवाल दोन परीक्षकांनी वाचायचा आणि एका वाचनाला २० मिनिटे द्यायची असे धरले, तर एकूण २,५६० मिनिटे लागतात. प्रत्येक परीक्षकाच्या वाट्याला १६ अहवाल आणि ३२० मिनिटे येतात. यंदा प्राथमिक फेरी आणि तिचा निकाल यांत दोन आठवडे होते. त्यात हे वाचन वाटून घेतले तर दिवसाला साधारण २३ मिनिटे होतात. हेही जास्त वाटत असेल तर अहवालाची मर्यादा ६ पाने करावी, शीटचा ठरावीक नमुना द्यावा म्हणजे गृहीतके कुठे आहेत ते शोधावे लागणार नाही, आणि पहिले वाचन याआधी अंतिम फेरीत आलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून ठरलेल्या निकषांवर करून घ्यावे. मी स्वतः त्यासाठी यायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीचे आणखी पाच जणही तयार आहेत.

अंतिम फेरीत ८ संघ होते. प्रश्नोत्तरांना प्रत्येकी १० मिनिटे होती, म्हणजे ती काढून टाकल्याने समितीची ८० मिनिटे वाचतील. त्याच दिवशी उद्घाटन, मनोगते आणि सत्कार यांना ११० मिनिटे लागली. पाहुण्यांचा मान राखला पाहिजे हे मला मान्य आहे, पण दिवसात वेळ कमी पडत असेल तर तो कुठून काढायचा याला या विषयात एक सरळ उत्तर आहे : ज्या कामासाठी माणसे जमली आहेत ते काम शेवटपर्यंत कापायचे नाही.

थोडक्यात मांडण्याचे कौशल्य महत्त्वाचे आहे याबद्दलही वाद नाही. सादरीकरण १५ मिनिटांवरून १० वर आणावे, मी त्याला पाठिंबाच देईन. आम्हा विद्यार्थ्यांना पाल्हाळ लावण्याची सवय असते आणि ती मोडली पाहिजे. पण वरिष्ठांपुढे ७ मिनिटे बोलणाऱ्या माणसाच्या मागे त्याने केलेले काम असते, आणि त्या ७ मिनिटांनंतर वरिष्ठ प्रश्न विचारतात. निदान ज्या दोन ठिकाणी मी प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले तिथे तरी मला हेच दिसले. एका ठिकाणी तर उत्पादन नियोजनाच्या बैठकीत स्लाइड नव्हत्याच, एक छापील तक्ता टेबलावर ठेवला जायचा आणि त्यातल्या एकेका आकड्यावर बोट ठेवून "हा कुठून आला" असे विचारले जायचे. उत्तर देता आले नाही तर तो आकडा पेनाने खोडला जायचा आणि बैठक पुढे जायची.

म्हणून माझ्या, आणि या पत्राशी सहमत असलेल्या माझ्या संघातल्या तिघांच्या, मागण्या अशा आहेत. लेखी अहवाल आणि गणिताची शीट पुढील वर्षीही अनिवार्य ठेवावी, हवी तर पानांची मर्यादा घालावी, आणि त्यांना एकूण गुणांपैकी निम्मे तरी गुण असावेत. प्रत्येक अंतिम सादरीकरणानंतर किमान १० मिनिटे प्रश्नोत्तरे असावीत, आणि परीक्षकांनी संघाचा अहवाल आधी वाचलेला असावा. प्रत्येक संघाला, बाद झालेल्या संघालाही, अहवाल शेऱ्यांसह परत मिळावा. शेरे दोन ओळींचे असले तरी चालतील, पण असावेत. केसबद्दलच्या प्रत्येक शंकेचे उत्तर सर्व संघांना एकाच वेळी पाठवावे, आणि आकड्यात चूक आढळली व खुलाशाला सहा तासांपेक्षा जास्त वेळ लागला तर मुदत सर्वांसाठी सारखीच वाढवावी. निकषवार गुण प्रत्येक संघाला त्याचे त्याला कळवावेत. हक्कांच्या कलमात श्रेयाचा उल्लेख यावा. आणि यंदा चुकीच्या लीड टाइमवर काम केलेल्या संघांना, त्यांचा क्रमांक आता बदलता येणार नसला तरी, चूक त्यांची नव्हती असे समितीने लेखी कळवावे. ही शेवटची मागणी त्या संघांनी माझ्याकडे केलेली नाही, ती मी आपण होऊन करत आहे.

अकरावे पान दुमडून आणणाऱ्या त्या परीक्षक बाईंना या पत्रातून आमच्या चौघांचा नमस्कार कळवावा. फेरी संपल्यावर त्यांचे आभार मानायला आम्ही गेलो होतो, पण तोवर त्या निघून गेल्या होत्या. ती शीट आम्ही नंतर दुरुस्त केली आहे. मशीनिंगच्या दुरुस्तीचा वेळ पाचव्या भागावरून दहाव्या भागावर आणला, तर क्षमता ९.६ वरून १०.८ होते. त्यानंतर हीट ट्रीटमेंटचा टप्पा सर्वांत अरुंद ठरतो आणि तिथली जादा पाळी उपयोगी पडते. म्हणजे आमची शिफारस निरुपयोगी नव्हती, ती एक पायरी आधी आली होती. त्यांना पाहायची असेल तर शीट आणि सहा पानांचा नवा अहवाल आम्ही समितीच्या पत्त्यावर पाठवत आहोत.

पुढील वर्षाच्या प्रवेशिका मागवण्यापूर्वी या पत्राला समितीने लेखी उत्तर द्यावे आणि ते सर्व सहभागी महाविद्यालयांना पाठवावे, ही विनंती.

आपली नम्र,
यंदाच्या अंतिम फेरीतील एका संघाची प्रमुख